कोथिंबिरीच्या जुडीची परीक्षा : चाकणची नोकरी आणि राहायची जागा

नवऱ्याला पुण्याजवळच्या चाकणमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं, त्या रात्री आमच्या मिरजेच्या घरात तीन प्रश्न निघाले. पगार हातात किती येणार, हा माझा. शाळा कुठली, हा मुलीचा. आणि "तिथलं पाणी कसलं?" हा सासूबाईंचा. राहायचं कुठं, हे कुणी विचारलंच नाही. नोकरी चाकणला, मग घर चाकणच्या होईल तेवढं जवळ, यात विचारायचं काय! मिरजेत माणूस सायकलवर कामाला जातो आणि दुपारी जेवायला घरी येतो. तेच आमच्या डोक्यात.

त्या हिशेबानं नाशिक हायवेपासून दीड किलोमीटर आत, एका नव्या स्कीममध्ये सातव्या मजल्यावर फ्लॅट भाड्यानं घेतला. स्कीमचं नाव सांगत नाही. पोहायचा तलाव होता, जिम होती, गेटवर सलाम ठोकणारा वॉचमन होता. नवऱ्याची कंपनी गाडीवर पंचवीस मिनिटं. ऑगस्टमध्ये एका रात्री साडेनऊला धाकट्याला ताप भरला, एकशे तीनच्या वर. नवरा सेकंड शिफ्टला, त्याचा मोबाईल कंपनीच्या लॉकरमध्ये. बाहेरचा कच्चा रस्ता म्हणजे नुसता चिखल. मोबाईलवर रिक्षा मागवली तर ते चक्र गोल गोल फिरतच राहिलं. शेवटी वॉचमननं स्वतःच्या मोटरसायकलवर मला आणि पोराला मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. मुलगी आणि सासूबाई वर एकट्या. शेजारच्या दारावरची नावाची पाटी मी पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या रात्री वाचली.

ताप तीन दिवसांत उतरला. अकरा महिन्यांचा करार संपला तसे आम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीच्या यमुनानगरात आलो. तेव्हापासून नात्यात, माहेरात कुणाला चाकण-तळेगावकडे नोकरी लागली की फोन मला येतो. दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून आता एकदाचं लिहून काढलं.

सांगायचं एवढंच असतं, की नोकरीवाला माणूस वस्तीत येतो तो बहुतेक झोपायला. वस्ती वापरतात ती घरातली बाकीची माणसं, आणि त्यांच्याकडे गाडी नसते. तेव्हा जागा त्यांच्या पायांनी मोजायची.

आधी बसचा कागद मागा

घरं बघायला सुरुवात करण्याआधी कंपनीच्या ॲडमिनकडून बसच्या रूटचा कागद मागून घ्या. मोठ्या कंपन्यांच्या बस असतातच. कागदावर प्रत्येक थांबा आणि वेळ असते. तो कागद हातात आला की निम्मं काम झालं, कारण राहायचं ते कंपनीजवळ नव्हे, थांब्याजवळ.

कागद वाचतानाही एक गोष्ट तोंडी विचारा : सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बस त्याच थांब्यावर सोडते, की फक्त मोठ्या चौकात? नवऱ्यानं हे विचारलं नव्हतं. आमच्या जुन्या घराच्या बाजूला सकाळची बस यायची, रात्रीची यायचीच नाही. म्हणून तो गाडीवर जायचा. रात्री बारा-साडेबारानंतर नाशिक हायवेला कंटेनरच्या मधून मोटरसायकल चालवत येणाऱ्या माणसाची वाट बघणं काय असतं, ते ज्या बाईनं बघितलंय तिला विचारा. ती पंचवीस मिनिटं मला रोज दोन तासांची वाटायची.

आता निगडीहून बसला तासाच्या वर लागतो. तळवडे, महाळुंगे करत गाडी रांगत जाते. पण तो बसमध्ये बसल्या बसल्या झोपतो आणि मी घरात निवांत झोपते. नकाशावर आम्ही लांब गेलो, प्रत्यक्षात जवळ आलो. चाकणच्या तळेगाव चौकातली आणि आंबेठाण चौकातली कोंडी ज्यानं पाहिली आहे त्याला किलोमीटरची भाषा तशीही पटत नाही. फिरंगोजी नरसाळ्यानं १६६० साली चाकणच्या किल्ल्यापाशी शाइस्ताखानाला दोन महिने अडकवून ठेवलं होतं. आमचे हे म्हणतात, हल्ली ते काम चौकातला सिग्नल करतो.

कुठला भाग कुणासाठी

हे माझं मत आहे. दुसऱ्याचं वेगळं असेल.

चाकण गावात एकटा माणूस किंवा नुकतं लग्न झालेलं जोडपं राहू शकतं. कांदा-बटाट्याची मोठी बाजारपेठ, त्यामुळे भाजी ताजी. पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर रस्ता ओलांडणं हेच रोजचं संकट.

मोशी, बोऱ्हाडेवाडी, जाधववाडी, चिखली इथं नव्या स्कीम आहेत, त्याच भाड्यात खोली मोठी मिळते, आणि नव्यानं आलेली तरुण कुटुंबं पुष्कळ. मुलांना खेळायला सोबत मिळते, हे खरं. पण एक स्कीम आणि दुसरी स्कीम यांच्यामध्ये काय आहे ते बघा. आत फरशी, बाहेर चिखल, अशी ठिकाणं आहेत. शहराचा कचरा डेपो मोशीला आहे, त्यामुळे वारा कुठल्या बाजूला वाहतो याला किंमत आहे. संध्याकाळी आणि पाऊस पडून गेल्यावर गच्चीवर उभं राहून नाकानं खात्री करा. स्पाइन रोडच्या कडेचे नवनगर विकास प्राधिकरणाचे जुने सेक्टर मला त्यातल्या त्यात बरे वाटतात, कारण तिथं रस्ते आधी आखले आणि घरं नंतर झाली.

भोसरीचं इंद्रायणीनगर पायी फिरायला चांगलं. संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुल तिथं आहे, मुलांच्या खेळाची सोय होते. एमआयडीसी लागून असल्यानं आवाज आणि वाहनं मात्र सोसायची.

तळेगाव दाभाडेची हवा चांगली, लोकल आहे, गाव जुनं असल्यानं डॉक्टर-शाळा गावातच. कंपनी तळेगाव-चाकण रस्त्याच्या बाजूला असेल तर मी आधी तळेगाव बघेन. आळंदी-देहू सासूबाईंना फार आवडलं होतं. मी नको म्हटलं. आषाढीचं प्रस्थान, कार्तिकी, तुकाराम बीज या दिवसांत गाव वारकऱ्यांचं असतं, तिथं राहणाऱ्यानं तेवढी तयारी ठेवायला हवी.

निगडी, यमुनानगर, आकुर्डी, प्राधिकरण. इथं मी राहते, त्यामुळे माझं बोलणं थोडं झुकतं धरा. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली निघालं ते कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. आता प्राधिकरणातले बंगले कामगाराच्या स्वप्नातही येत नाहीत, पण सेक्टर आखलेले, झाडं मोठी झालेली, बागा जागच्या जागी. यमुनानगरची घरं दाटीची आहेत, पार्किंगला जागा नाही, लिफ्ट बऱ्याच इमारतींना नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत ते सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी मुक्काम करते, त्या एका गोष्टीवर त्यांनी लिफ्ट माफ केली.

जाहिरातीत "मेट्रोपासून पाच मिनिटं" असेल तर ती मेट्रो आज धावते का, हे विचारा. पिंपरीच्या पीसीएमसी (महापालिका) स्टेशनपासून स्वारगेटपर्यंत धावते. निगडीपर्यंतचं काम चालू आहे. ज्या गाडीत आज बसता येत नाही तिच्यासाठी आजपासून जादा भाडं देऊ नका.

रविवारी घर बघू नका

सगळे रविवारीच बघतात, कारण सुट्टी तेव्हाच असते. रविवारी रस्ता मोकळा, एजंट आंघोळ करून आलेला, पाणी भरलेलं, मुलं बागेत. अशा दिवशी कुठलीही जागा चांगली दिसते.

एकच रजा टाका आणि कामाच्या दिवशी, त्याच भागात, तीन वेळा जा. पहाटे साडेपाचला, म्हणजे थांब्यापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का आणि कुत्र्यांची टोळी कुठं बसते ते कळेल. (हसू नका. फर्स्ट शिफ्टवाल्यांना विचारा.) दुपारी शाळा सुटायच्या वेळेला, म्हणजे मुलं घरी कशी येतात ते दिसेल : चालत येतात का, आजोबा आणायला गेलेत का, की नुसत्या पिवळ्या व्हॅन. आणि रात्री दहाला. रात्री दहाला कुठली दुकानं उघडी आहेत आणि त्यांच्यासमोर कोण उभं आहे, यावरून सगळं समजतं. औषधाचं दुकान आणि आइस्क्रीमवाला उघडा असेल आणि तिथं बायका असतील तर पुढं बोलणी करा.

जमलं तर गुरुवारीही एक चक्कर मारा. पिंपरी-भोसरीकडच्या पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. नवऱ्याची सुट्टीही गुरुवारीच. म्हणजे तो घरी आणि पोरं शाळेत, पोरं घरी तर तो कामावर. हे आम्हाला इथं आल्यावर कळलं. त्यामुळे रविवारी मुलांना घेऊन कुठं जायचं हे मला एकटीला, बसनं किंवा पायी, जमलं पाहिजे होतं. बाग चालत जाण्याच्या अंतरावर हवी असं मी म्हणते ते हौसेनं नव्हे.

आता जुडी

माझी परीक्षा एकच. दहा वर्षांच्या मुलीला एकटीला कोथिंबिरीची जुडी आणायला पाठवता येईल का?

हसण्यावारी नेऊ नका, या एका प्रश्नात सगळं येतं. भाजीवाली चालत जाण्याच्या अंतरावर हवी. मध्ये मोठा रस्ता ओलांडायचा नको. फूटपाथ हवा, किंवा निदान गाड्या हळू जातील असा रस्ता. वाटेत चार ओळखीची दुकानं हवीत, म्हणजे मुलगी रेंगाळली तर कुणीतरी हाक मारेल. आणि भाजीवालीनं सुट्टे पैसे नीट परत द्यायला हवेत. जुन्या स्कीममध्ये मी मुलीला पाठवलं असतं तर ती गेटपर्यंत गेली असती, पुढं जायला काही नव्हतंच. कोथिंबीरसुद्धा मोबाईलवरून मागवायची, दहा रुपयांच्या जुडीवर पंचवीस रुपये डिलिव्हरी.

घर बघायला गेलात की इमारतीत शिरण्याआधी दारापासून घड्याळ लावून चाला. घरातला सगळ्यात हळू चालणारा माणूस सोबत घ्या. सासूबाई माझं घड्याळ होत्या. दहा मिनिटांत त्यांच्या चालीनं काय काय गाठता येतं ते बघायचं. गिरणी, औषधाचं दुकान, लहान मुलांचा डॉक्टर, भाजी, बसायला बाक किंवा देवळाचा पार. मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांत नसलं तरी चालेल, पण रात्री तिथं जायला वाहन मिळायला हवं. इकडे महापालिकेचं मोठं हॉस्पिटल संत तुकारामनगरात, यशवंतराव चव्हाण रुग्णालय, सगळे वायसीएम म्हणतात. घरापासून तिथवर रात्री अकराला रिक्षा किती घेते हे चौकातल्या रिक्षावाल्याला विचारा. तो दर सांगेल तर बरं. "इकडं रात्री कोण येतंय" म्हणाला तर दुसरीकडं बघा.

या यादीत गिरणी सगळ्यात वर का, ते सांगते. पिठाची गिरणी फक्त तिथंच चालते जिथं रोज पोळ्या-भाकऱ्या होतात, म्हणजे कुटुंबं मुरलेली असतात. पोरं डबे घेऊन येतात, बायका दळण होईपर्यंत उभ्या राहतात, आणि त्या दहा मिनिटांत त्या वस्तीचं सगळं बाहेर येतं. एजंट आठवडाभर लपवेल ते गिरणीवर एका पायलीत कळतं. मी यमुनानगरात पहिल्यांदा आले तेव्हा हातात दोन किलो ज्वारी घेऊन आले होते. मुद्दाम. दळायला दिली आणि विचारलं, "काकू, पाणी किती वाजता येतं हो?" त्यांनी पाण्याची वेळ सांगितली, कुठल्या इमारतीचा मालक डिपॉझिट परत द्यायला रडवतो ते सांगितलं, कुठल्या गल्लीत गणपतीत रात्री अकरापर्यंत स्पीकर असतो तेही सांगितलं. पीठ घेऊन मी जुन्या घरी परत गेले आणि त्याच पिठाची भाकरी करून नवऱ्याला म्हटलं, जागा सापडली.

गिरणी नसेल तर पिको-फॉलवाली बाई, पोळी-भाजी केंद्र, दूधवाला. वॉचमनला विचारू नका. त्याची नोकरी आहे.

पाणी आणि नदी

सासूबाईंचा प्रश्न शेवटी सगळ्यात शहाणा निघाला. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं, आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते एक दिवसाआड सोडायला सुरुवात झाली. म्हणून "पाणी चोवीस तास आहे" असं कुणी म्हणालं तर नळाला चोवीस तास, की टाकीला, हे विचारा. टाकी टँकरनं भरत असेल तरी नळ चोवीस तास चालतोच. नेमकं विचारायचं ते असं : मागच्या एप्रिल-मेमध्ये महिन्याला किती टँकर लागले, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की भाडेकरूकडून वेगळे घेतात? जुन्या ठिकाणी आम्ही ते वेगळे भरले. भाड्यात हजार रुपये वाचले म्हणून खूश होतो, उन्हाळ्यात टँकरमध्ये त्याच्यापेक्षा जास्त गेले.

नदीजवळची हिरवी, शांत, स्वस्त जागा दिसली तर आणखी सावध. पाटबंधारे खातं नदीच्या दोन पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. तरी होतं. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले छत्तीस बंगले हरित लवादाच्या आदेशानंतर महापालिकेनं मे २०२५ मध्ये पाडले. त्यातल्या माणसांनी आयुष्याची पुंजी घातली होती. भाडेकरूचं एवढं जात नाही, पण शाळेच्या पहिल्या महिन्यात बिऱ्हाड उचलायची वेळ कशाला आणायची? आम्ही कृष्णाकाठची माणसं. २०१९ चा पूर सांगलीत बघितलेला, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. जुन्या दुकानदाराला विचारा : "पाणी कुठवर आलं होतं?" तो हातानं भिंतीवर खूण दाखवतो.

शाळा

शाळेवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, म्हणून मी कमी लिहिते. प्रवेश पक्का झाल्याशिवाय भाड्याची बयाणा रक्कम देऊ नका, उलटं करू नका. शाळेला मान्यता आहे का ते बघा : प्रत्येक मान्य शाळेला अकरा आकड्यांचा यू-डायस क्रमांक असतो, तो मागितल्यावर जी शाळा आढेवेढे घेते तिथून उठा. शिक्षण खातं अनधिकृत शाळांची यादी काढतं, तीही नजरेखालून घाला. जुन्या शाळेचा दाखला वेळेवर काढून ठेवा.

पहिलीला घालायचं असेल तर ३१ डिसेंबरला मूल सहा वर्षांचं पूर्ण होतंय का ते मोजा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांतून अर्ज करणार असाल तर घर आणि शाळेतलं अंतर महत्त्वाचं ठरतं, आणि भाड्यानं राहणाऱ्याकडून नोंदणी केलेला करारच पत्त्याचा पुरावा म्हणून घेतात. नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेला चालत नाही. म्हणून आरटीईसाठी मात्र वस्ती आधी, करार लगेच, मग अर्ज, असा क्रम लावा.

शाळेच्या बसला किती वेळ लागतो ते शाळेला न विचारता, त्या बसनं येणाऱ्या मुलाच्या आईला विचारा. माझी मुलगी पहिल्या वर्षी सकाळी सहा पस्तीसला निघायची आणि अडीचला परत यायची, दमून जेवतासुद्धा नसे. आता चालत अकरा मिनिटं. तिनं मोजलीत.

करार करताना

पहिलं वर्ष भाड्यानंच राहा. गावची शेती विकून लगेच फ्लॅट बुक करणारे आमच्याच ओळखीत दोघे आहेत. एकाची नोकरी आठ महिन्यांत बदलली.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा अकरा महिन्यांचा. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" असं मालक सांगतात. ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे कलम मालकाला गोड आवाजात वाचून दाखवलं की तो स्वतःच एजंटला फोन लावतो.

खर्च घाबरण्यासारखा नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. भाडं पंधरा हजार आणि डिपॉझिट पन्नास हजार धरा. अकरा महिन्यांचं भाडं एक लाख पासष्ट हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, साडेचार हजारांच्या आसपास. त्याचा पाव टक्का म्हणजे सव्वाचारशे. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी वेगळी. आमच्याकडे दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी गेली, आणि तिच्यावर मी भांडले, पण उपयोग झाला नाही.

घर दाखवणारा खरंच मालक आहे का, यासाठी इंडेक्स टू (घराच्या खरेदी नोंदणीचा उतारा) आणि लाईट बिल बघा. सोसायटी भाडेकरूकडून "नॉन-ऑक्युपन्सी", म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेले पैसे, मागत असेल तर ते मालकानं भरायचं असतं, आणि सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. करारात रंगकामाचे पैसे कोण देणार ते लिहून घ्या. आत शिरताना भिंतींचे, नळांचे, कपाटांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. जुन्या घरी मी ते केलं नव्हतं, आठ हजार कापून घेतले, आमच्या आधीपासूनच्या ओलीसाठी. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन जाते, ती दिल्याची पावती स्वतःकडे ठेवा.

घरातल्या बाईचं काम

हे कुणी विचारत नाही, म्हणून वेगळं लिहिते. नवऱ्याची बदली झाली की बायकोचं काम सुटतं, हे सगळे गृहीत धरतात. मी मिरजेत ब्लाउज शिवत होते, महिन्याचे सात-आठ हजार माझे यायचे. सातव्या मजल्यावर, गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून, वॉचमनला फ्लॅट नंबर सांगून कोण ब्लाउज शिवायला टाकणार? वर्षभर मशीन गादीखाली झाकून ठेवलं. म्हणून घर बघताना घरातल्या बाईला विचारा, तुझं काम इथं चालेल का? शिकवणी, डबे, पार्लर, शिवण, सगळ्याला रस्त्यावरून दिसणारं दार लागतं, आणि सोसायटीची परवानगी. दुसऱ्या घराच्या वेळी मी हे मालकाला पहिल्याच भेटीत विचारलं. तो म्हणाला, पाटी लहान लावा.

म्हाताऱ्या माणसांचंही तेच. सासूबाईंना बाग नको होती, माणसं हवी होती. पहिल्या घरात त्या दिवसभर टीव्हीसमोर असायच्या आणि संध्याकाळी मला म्हणायच्या, "आज कुणीसुद्धा 'काय आजी' म्हणालं नाही." नवी जागा बघायला गेलो तेव्हा मी त्यांना देवळाच्या पारावर बसवलं आणि वर फ्लॅट बघायला गेले. वीस मिनिटांनी खाली आले तर त्या कुणा साताऱ्याच्या आजींना स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होत्या. फ्लॅट त्यांनी वर येऊन बघितलाच नाही.

सामान हलवायचं ते मे संपायच्या आत. शाळा जूनच्या मध्याला उघडते, आणि पाऊस त्याच्या आधी गाठतो. गॅसचं कार्ड ट्रान्स्फर करायला जुन्या गावात असतानाच टाका, नाहीतर पहिले पंधरा दिवस इंडक्शनवर भात. टेम्पोवाल्याला मशीन शेवटी चढवायला सांगा, म्हणजे पहिलं उतरतं. माझं उतरलं त्या संध्याकाळी गिरणीवाल्या काकू एक बाही उसवलेली घेऊन आल्या. घरात अजून बल्ब लावला नव्हता. नवऱ्यानं मोबाईलचा उजेड धरला आणि मुलीला मी कोथिंबीर आणायला पाठवलं. तिनं शेपू आणला.